मोठ्या माशासाठी लँडिंग नेट घेताना आधी पिशवीची खोली बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की गोड्या पाण्यात १०-१५ किलोचे मासे गळाला लागायला लागलेत, जुनी छोटी नेट पुरत नाही, मासा परत सोडायचाच आहे, कधी काठावरून तर कधी छोट्या होडीतून मासेमारी होते, मग कडं, म्हणजे पिशवीच्या तोंडाची चौकट, किती मोठं घ्यायचं, जाळी रबराची की नायलॉनची, आणि दांडा सरकता चालेल का. बरीच वर्षं मोठे मासे धरून सोडत आलोय, हातात बऱ्याच नेट येऊन गेल्या, काही मोडल्या, काहींनी माशांचं नुकसान केलं ते डोळ्यांनी बघितलं, त्यामुळे जरा लांबण लागेल पण सविस्तरच सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. लँडिंग नेट म्हणजे मासा पाण्यातून वर उचलायचं साधन असं बहुतेक जण समजतात आणि तिथेच खरेदी चुकते. छोट्या माशाला ते ठीक आहे, पण १० किलोच्या पुढे गेलात की नेट म्हणजे मासा पाण्यातच थांबवून ठेवायची जागा असते, पाण्यात बुडवलेला तात्पुरता हौदच म्हणा. मासा आत आला, कडं पाण्याच्या वर, मासा पाण्यात, त्याचे कल्ले चालू, तुम्ही शांतपणे पक्कड काढताय, कॅमेरा तयार करताय, श्वास घेताय. हे चित्र समोर ठेवलं की खोली, जाळी, कडं, दांडा सगळ्याची उत्तरं आपोआप सुटतात.

म्हणून मी सगळ्यात आधी पिशवीची खोली बघतो. दुकानात माणूस कड्याकडे बघून नेट निवडतो कारण तेच डोळ्यात भरतं, आणि पिशवी खाली लोंबत असते तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. उथळ पिशवीत मोठा मासा आला की त्याचं निम्मं अंग कड्याच्या वर राहतं, आणि एक उसळी मारली की बाहेर. माझ्या बाबतीत हे झालेलं आहे, चांगला मीटरभर लांबीचा मासा, वीस-पंचवीस मिनिटं खेळवून आणलेला, नेटमध्ये आला, मी रॉड खाली ठेवला आणि तो शेपटीच्या एका झटक्यात कड्यावरून निघून गेला, वर दोरा कड्यात अडकून तुटला, म्हणजे तोंडात गळ घेऊन गेला. मासा हातचा गेला ह्यापेक्षा तो गळ घेऊन गेला हे मला जास्त लागलं. तेव्हापासून १० किलोच्या वरच्या माशाला ९० सेंमीपेक्षा कमी खोलीची पिशवी मी वापरत नाही, एक मीटर मिळाली तर उत्तम. खोल पिशवीचा दुसरा फायदा असा की मासा आत गेल्यावर दांडा थोडा फिरवला की पिशवीची घडी पडून तोंड बंद होतं, मग मासा कितीही उसळला तरी बाहेर यायची वाट नाही.

पण नुसती खोल पुरत नाही, तळ सपाट हवा. खाली निमुळत्या, चोचीसारख्या पिशवीत लांब मासा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुमडतो, डोकं एकीकडे शेपूट दुसरीकडे, आणि सगळं वजन पाठीच्या कण्यावर आणि पोटावर येतं. अंड्यांवर आलेली मादी असेल तर विचारायलाच नको. सपाट तळाच्या पिशवीत मासा सरळ पडून राहतो आणि सरळ पडलेला मासा शांत राहतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की त्यात आता मला शंका नाही.

आता कडं. नुसतं किलोवर जाऊ नका, लांबी बघा, कारण १५ किलोचा कार्प साधारण ९० सेंमीच्या आसपास असतो पण तेवढ्याच वजनाचा पाईक १२० सेंमीपर्यंत लांब असतो, एक गोल गरगरीत आणि दुसरा लांबट. माझा अंदाज असा की कड्याची मोठी बाजू माशाच्या लांबीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी नको आणि तीन चतुर्थांश असेल तर हात निवांत राहतो. मस्की नावाचा पाईकसारखाच लांबट मासा पकडणारे लोक साधारण ७५ बाय १०० सेंमीचं अंडाकृती कडं वापरतात ते उगाच नाही. कार्पवाल्यांची त्रिकोणी नेट वेगळी असते, दोन लवचिक हात पुढे फाकलेले आणि त्यांच्या टोकांना जोडणारी एक दोरी, हात साधारण ४२ इंच म्हणजे १०७ सेंमीचे. ती काठावरून, संथ पाण्यात, उथळ उतारावर फार छान चालते कारण पुढची दोरी तळाला टेकते, मासा तिच्यावरून सरकत आत येतो, आणि नंतर ते दोन हात ज्यात खोवलेले असतात त्या मधल्या ठोकळ्यातून काढून जाळी गुंडाळली की मासा झोळीसारखा उचलता येतो. पण जोरदार प्रवाहात ती दोरी सैल पडते, हात वाकतात आणि तोंड मिटायला लागतं. वाहत्या पाण्यात महसीर किंवा सालमनसारख्या ताकदीच्या माशामागे असाल तर पक्क्या धातूचं कडंच घ्या.

जाळी हा सगळ्यात मोठा विषय, इथे पैसे वाचवू नका. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो नुसता चिकटा नसून त्याचं चिलखत असतं, जंतू आणि बुरशी बाहेर ठेवायचं काम तो करतो. गाठीची खरखरीत नायलॉन जाळी हा थर खरवडून काढते, खवले उचकटते, आणि शेपटीच्या परांचे काटे भोकातून आरपार जाऊन फाटतात. तुम्हाला त्या वेळी काही दिसत नाही, मासा मस्त पोहत जातो, तुम्ही खूश. पण थर गेलेल्या जागी काही दिवसांनी पांढरी कापसासारखी बुरशी धरते, सॅप्रोलेग्निया म्हणतात तिला. सुरुवातीच्या काळात एकाच तळ्यावर मी पुन्हा पुन्हा जायचो आणि तिथे अशी कापूस धरलेली, चिंध्या झालेल्या शेपटीची मासळी गळाला लागायची, मग हळूहळू लक्षात आलं की त्या तळ्यावर आम्ही सगळे तसल्याच गाठीच्या नेट वापरत होतो. नंतर वाचण्यात आलं की २००३ साली ब्लूगिल नावाच्या छोट्या माशावर हाच अभ्यास झालेला आहे, वेगवेगळ्या जाळ्यांत मासे धरून पुढे काही दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर गाठीच्या जाळ्यांत इजा आणि मरतूक जास्त, बिनगाठीच्या आणि रबराच्या जाळीत कमी. मासा छोटा होता हे खरं, पण मोठ्या माशाचं तर वजनच त्याला जाळीवर जास्त दाबतं.

मग रबर की बिनगाठीचं नायलॉन की रबराचा लेप दिलेलं नायलॉन? पूर्ण रबराची ओतीव पिशवी माशाला सगळ्यात मऊ आणि गळ तिच्यात रुतत नाही, पण मोठ्या आकारात ती जड होते, इतकी की एका हाताने पाण्यात स्थिर धरणं अवघड जातं, आणि खोल पिशवीची तर आणखीच. बिनगाठीचं मऊ बारीक नायलॉन माशाला चांगलं, हलकं, पण तिहेरी गळ, म्हणजे तीन टोकांचा गळ, त्यात असा काही गुंततो की शेवटी जाळी कापावी लागते, आणि बारीक जाळी प्रवाहात उघडी छत्री धरल्यासारखी ओढ घेते, हाताचा पार पिट्टा पडतो. शिवाय कार्पच्या पाठीवरच्या पहिल्या काट्याला करवतीसारखे दाते असतात आणि बऱ्याच कॅटफिशचे बाजूचे काटे ताठ उभे राहून अडकतात, ते बारीक जाळीत बसले की काढताना मासाही वैतागतो आणि आपणही. म्हणून तुम्ही सांगताय तशा मिश्र वापराला, काठ पण आणि होडी पण, रबराचा जाड लेप दिलेली बिनगाठीची जाळी घ्या असंच मी सांगेन. भोकं इतकीच हवीत की करंगळी जेमतेम जाईल, त्याहून मोठ्या भोकांत माशाचं थोबाड घुसतं आणि मासा कल्ल्यांशी अडकतो. लेप चांगला आहे का ते बघायला जाळी दोन बोटांत धरून जोरात चुरगाळा, लेप सोलून निघाला किंवा चिरा दिसल्या तर ती ठेवून द्या.

तिहेरी गळाबद्दल अजून थोडं बोलतो कारण इथे हाताला धोका आहे. दोन किंवा तीन तिहेरी गळ असलेलं लूअर, म्हणजे नकली आमिष, घेऊन मासा नेटजवळ आला की मोकळा लोंबणारा गळ कड्याच्या बाहेरच्या बाजूला जाळीत अडकतो, मासा अजून बाहेरच, आणि आता माशाचं सगळं वजन त्या एका गळावर. इथे हमखास मासा सुटतो. मासा आत असताना गळ जाळीत अडकला तर वेगळंच संकट, मासा झटका देतो आणि दुसरा मोकळा गळ तुमच्या बोटात. त्यामुळे लूअर वापरत असाल तर रबर लेपावर अजिबात तडजोड नको, आणि नेटसोबत लांब पक्कड आणि गळ कापायचा कटर हाताशी ठेवाच. गळ खोल रुतला असेल तर मी सरळ कापतो, एका गळाची किंमत ती काय.

आता दांडा, ज्याबद्दल तुम्ही खास विचारलंय. सरकता दांडा चालतो, होडीत तर सोयीचाच, पण कुलूप कसलं आहे ते बघा. पिळून घट्ट होणारं कुलूप ओल्या हातांनी आणि वाळू गेल्यावर सरकतं, ऐन वेळी दांडा आत जातो किंवा कडं गोल फिरतं. स्प्रिंगच्या बटणाने भोकात बसणारी पिन असलेला दांडा घ्या, आणि नळी गोल नसून षटकोनी किंवा खाच असलेली असेल तर कडं फिरत नाही. लांबीचा हिशोब सोपा आहे, तुम्ही जिथे उभे राहता तिथून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात निदान अर्धा मीटर वाढवा. उंच काठावरून १.८ मीटर लागेल, बुटक्या होडीतून एक-सव्वा मीटर पुरे, कंबरभर पाण्यात उभं राहून करत असाल तर अर्धा मीटरसुद्धा जास्त होतो. लांब दांडा हवाहवासा वाटतो पण टोकाला मोठं कडं आणि ओली जाळी असली की लांब दांड्यावर ताबा राहत नाही.

आणि दांड्याने मासा उचलू नका, कितीही भारी कंपनीचा असला तरी. साधं गणित करून बघा. समजा मागचा हात दांड्याच्या टोकाला, पुढचा हात त्याच्यापासून अर्धा मीटर पुढे, आणि १५ किलोचा मासा मागच्या हातापासून २ मीटरवर. हा तराजू सावरायला पुढच्या हाताला ६० किलोचा भार वर पेलावा लागतो आणि मागच्या हाताला ४५ किलोने खाली दाबावं लागतं, आणि तो सगळा ताण दांडा कड्याला जिथे जोडलाय त्या भागावर आणि पुढच्या हाताजवळच्या नळीवर येतो. मासा उसळला की त्याच्याही वर. दांडे मोडतात ते इथेच मोडतात. मासा आत आला की दांडा मागे ओढत हातापर्यंत आणा, मग दोन्ही हातांनी कडं धरा आणि उचलायचंच असेल तर कडं आणि पिशवीचा तळ धरून सरळ वर उचला. ॲल्युमिनियम, फायबरग्लास, कार्बन ह्यात मी ॲल्युमिनियम पसंत करतो, जाड भिंतीचं. कार्बन हलका असतो आणि हाताला फार छान वाटतो पण दगडावर एकदा आपटला की आतून चीर जाते आणि वरून काही कळत नाही.

होडीतून करत असाल तर नेट कशात अडकणार नाही अशा जागी, तोंड वर करून, दांडा बाहेर काढून आधीच तयार ठेवा. मासा दिसल्यावर नेट शोधणं आणि मग जाळी कुठल्या तरी खिळ्यात किंवा रॉडच्या कड्यात अडकलेली सापडणं ह्यात कितीतरी चांगले मासे गेलेत. कयाकसाठी कड्यात किंवा दांड्यात फोम भरलेली, तरंगणारी नेट घ्या.

वापरायची पद्धत चुकली तर चांगली नेटसुद्धा फुकट, म्हणून तेही सांगून टाकतो. नेट आधी भिजवा, कोरडी जाळी माशाचा थर ओढून घेते आणि शिवाय पाण्यावर तरंगत राहते. बारीक जाळी बुडत नसेल तर आत एक गुळगुळीत गोटा टाका, बसते खाली. मासा दमल्याशिवाय नेट पुढे करू नका, आणि नेट घेऊन माशाच्या मागे धावू नका. नेट पाण्यात बुडवून स्थिर धरायची आणि रॉडवाल्याने मासा तिच्यावर आणायचा, डोकं आधी. घाबरलेला मासा पुढे पळतो, त्यामुळे डोक्याकडून आला तर पळाला तरी पिशवीतच पळतो, शेपटीकडून घातलात तर त्याला नेट टेकताक्षणी तो समोर मोकळ्या पाण्यात. डोकं कड्याच्या आत आलं म्हणून घाई नको, पोटाचा भाग पुढे गेला की मग कडं वर. एकटे असाल तर रॉड वर आणि मागे धरून मासा सरकवत आणायची सवय छोट्या माशांवर आधी करा.

मासा आत आला की तो पाण्यातच राहू द्या, एवढी मोठी नेट आपण ह्यासाठीच घेतली. १९९२ साली रेनबो ट्राउटवर प्रयोगशाळेत केलेल्या एका अभ्यासात मासे पूर्ण थकवून काहींना हवेत धरलं होतं. नुसत्या थकवलेल्यांपैकी १२ टक्के मेले, थकवून ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. सगळ्या जातींचे आकडे असेच येतील असं नाही, काही मासे ट्राउटपेक्षा चिवट असतात, पण पन्नास मीटर धावून आलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबून फोटो काढण्यातलाच हा प्रकार आहे. उन्हाळ्यात अजून सांभाळा, १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका लिटरमध्ये साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. म्हणजे ज्या दिवसांत माशाला सावरायला जास्त ऑक्सिजन लागतो त्याच दिवसांत पाण्यात तो कमी असतो. मी गळ पाण्यातच काढतो, फोटोसाठी मासा ओल्या हातांनी, आडवा, पोटाखाली आधार देऊन, पाच-सात सेकंद वर, की परत खाली. जबड्याला पकड लावून जड मासा उभा लटकवू नका, त्याचं अंग पाण्याने तोलून धरलेलं असतं, हवेत सगळं वजन जबड्यावर आणि मणक्यावर येतं.

काही माशांना मुळात नेट नकोच. दोन मीटरच्या वेल्स कॅटफिशला कुठली नेट घालणार, तिथे हातमोजा घालून खालचा जबडा धरतात. लांबट पाईक, मस्कीसाठी पाळण्यासारखी मिळते ती क्रेडल होडीच्या कडेला उत्तम, मासा सरळ राहतो, पण एकट्याला ती हाताळता येत नाही, दुसरा माणूस लागतोच.

घरी आल्यावर नेट स्वच्छ धुवून पूर्ण वाळवा, सावलीत, कारण उन्हाने नायलॉन आणि लेप दोन्ही कुजतात. एका तळ्याचं पाणी ओल्या जाळीतून दुसऱ्या तळ्यात गेलं की रोगजंतू, शेवाळ, शिंपल्यांची बारीक पिल्लं सगळं सोबत जातं. जाळी सगळ्यात आधी कड्याजवळ घासून झिजते, दर मोसमात तिथली शिवण बोटाने चाचपून बघा.

तुमची छोटी नेट टाकू नका, तीन-चार किलोच्या माशाला ती छानच आहे. आणि नवीन नेट पहिल्यांदा पाण्यावर न्यायच्या आधी घरी एक करा, १५ किलो ओली वाळू एका गुळगुळीत पोत्यात भरून पिशवीत ठेवा, कडं दोन्ही हातांनी धरून दहा-बारा वेळा उचला, जरा हलवा पण. जोडापाशी कुरकुर आवाज आला, कडं वाकलं, शिवण ताणून दोरे दिसायला लागले किंवा तळ मध्येच चोचीसारखा खाली आला तर ती नेट त्याच आठवड्यात परत करा आणि दुसरी घ्या.